लोकी थॉरचा सख्खा भाऊ की सावत्र? आणि नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातल्या, पुराणातली नऊ जगं नेमकी कोणती?

सख्खाही नाही आणि सावत्रही नाही. लोकी थॉरचा भाऊच नाही. तुमच्या प्रश्नात ते गृहीतच धरलेलं दिसलं, म्हणून राहवलं नाही.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आंतरमहाविद्यालयीन प्रश्नमंजुषेच्या अंतिम फेरीत होतो. जोडीदार माझा मामेभाऊ. शेवटची बझर फेरी, प्रश्न आला, "थॉरच्या भावाचं नाव काय?" मामेभावानं टेबलाखालून माझा गुडघा दाबला. "लोकी सांग, लोकी." मी बझर दाबला आणि म्हणालो, "बाल्डर." चूक दिलं. पलीकडच्या जोडीनं लोकी सांगितलं, दहा गुण घेतले आणि आम्ही पाच गुणांनी हरलो. संपल्यावर मी मंचावर गेलो. सूत्रसंचालकांच्या हातातल्या गुलाबी कार्डावर निळ्या पेनानं 'लोकी' लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. मी देवांचा राजा ओडिन याची वंशावळ सांगायला लागलो, तर ते म्हणाले, "अरे, सिनेमा बघितला नाहीस का?" आणि माइकची वायर गुंडाळायला लागले.

आता ती वंशावळ तुम्ही ऐका. थॉर हा ओडिन आणि योर्ड, म्हणजे पृथ्वी, यांचा मुलगा. बाल्डर ओडिन आणि फ्रिगचा. म्हणजे बाल्डर थॉरचा सावत्र भाऊ. लोकीचा बाप फारबाउती नावाचा राक्षस, आई लाउफे. 'लोकासेन्ना' या काव्यात लोकी भर सभेत ओडिनला आठवण करून देतो की आपण एकमेकांच्या रक्तात रक्त मिसळलं होतं. म्हणजे तो ओडिनचा मानलेला भाऊ, थॉरचा फार तर चुलता. मामेभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ असं प्रत्येकाला वेगळं नाव ठेवणारी आपली भाषा. आपण तरी चुलत्याला भाऊ म्हणू नये.

आणि मला टोचतं ते नातं चुकल्याचं नाही, त्याच्या पुढचं आहे. बाल्डरला वाईट स्वप्नं पडू लागली, तेव्हा फ्रिगनं आग, पाणी, लोखंड, दगड, झाडं, रोग, साप, सगळ्यांकडून शपथ घेतली की माझ्या लेकराला इजा करणार नाही. फक्त मिसलटो, म्हणजे एक प्रकारचं बांडगूळ, तिला फार कोवळं वाटलं म्हणून राहिलं. लोकीनं बाईचं रूप घेऊन तिच्याकडून हे काढून घेतलं. देव गंमत म्हणून बाल्डरवर वाट्टेल ते फेकत होते, त्याला काहीच लागत नव्हतं. आंधळा होडर कडेला गप्प उभा होता. लोकीनं त्याच्या हातात मिसलटोची काडी दिली, नेम धरायला दिशा दाखवली, आणि बाल्डर पडला. चितेला आपल्या हातोड्यानं पवित्र केलं ते थॉरनं. पुढे लोकी सालमन मासा होऊन पळाला, तेव्हा त्याची शेपटी पकडली तीही थॉरनंच. त्या कार्डावर मारलेल्या भावाच्या जागी मारणाऱ्याचं नाव होतं.

नऊ जगांचं थोडक्यात. 'वोलुस्पा' या जुन्या काव्यात भविष्य सांगणारी स्त्री म्हणते की मला नऊ जगं आठवतात, पण ती कोणती हे जुन्या ग्रंथांत एकत्र कुठेच दिलेलं नाही. आस्गार्ड, मिडगार्ड, योटुनहाइम, वानाहाइम, आल्फहाइम, निफ्लहाइम, मुस्पेल, हेल ही नावं विखुरलेली सापडतात. बुटक्यांचं जग, हेल आणि निफ्लहाइम एक की दोन, यावर याद्या बदलतात. आल्फहाइम तर फ्रे या देवाला पहिला दात आला तेव्हा भेट मिळालं होतं. त्यामुळे इंटरनेटवरचा गोल-गोल नकाशा पाठ करू नका. या कथांचे मूळ ग्रंथ दोन: गद्य 'एड्डा' आणि पद्य 'एड्डा'. गद्याचं ब्रोडर यांचं 1916 चं आणि पद्याचं बेलोज यांचं 1923 चं इंग्रजी भाषांतर फुकट मिळतं. त्यातला बाल्डरच्या मृत्यूचा भाग आधी वाचा.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. हे बरंचसं ज्याच्यामुळे टिकलं तो स्नोरी स्टुर्लुसन स्वतः ख्रिस्ती होता, त्यानं गद्य 'एड्डा' 1220 च्या सुमारास लिहिलं, आणि आइसलँडनं ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो 1000 च्या आसपास. म्हणजे मधे दोनशे वर्षं गेली. त्यानंही काही जुळवून घेतलं असणार. सिनेमावाल्यांनी लोकीला ओडिनचा दत्तक मुलगा केला, तोही त्यांचा हक्क. पण मग प्रश्नात 'सिनेमात' हा शब्द हवा.

मामेभाऊ अजून म्हणतो, "समोरच्याला हवं ते उत्तर द्यायचं असतं, कार्डावर काय असणार हे तुला कळायला हवं होतं." गेल्या दिवाळीत फराळाच्या ताटावर पुन्हा हेच निघालं. मला कळलं होतं रे. टेबलाखाली तू गुडघा दाबायच्या आधीच कळलं होतं. तरी बाल्डरच म्हणालो, आणि उद्या कुणी विचारलं तरी तेच म्हणेन.