वेड लागतं, भरतं, पांघरलंही जातं

प्रश्न असा आहे: "मी नागपूरला एम. ए. करते. 'अभिजात साहित्यातील वेडाचे चित्रण' असं माझ्या निबंधाचं शीर्षक आहे. सर म्हणतात, 'वेड' हा शब्द हलका वाटतो, 'मनोविकार' किंवा 'उन्माद' लिहा. 'वेड' खरंच चुकीचा आहे का?"

नाही. शीर्षक आहे तसंच राहू द्या.

सरांना काय खुपलं असेल, ते नागपूरकराला कळतं. आपल्या कानावर हा शब्द कधी सरळ पडतच नाही. 'काउन बे, भैताड झाला का?' किंवा 'येडा आहे का तू?', आणि रागाचा पारा आणखी चढला की हिंदीतून आलेला 'पागल'. छिंदवाडा रोडवरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या पाटीवर काहीही लिहिलेलं असो, ऑटोवाला 'पागलखाना चौक' असंच ओरडतो. माझी एक मावशी त्या बाजूला राहायची. पत्ता सांगताना 'पागलखान्याजवळ' म्हणायची आणि समोरचा हसायच्या आत स्वतःच हसून घ्यायची. अशा गावात 'वेड' शब्द निबंधाच्या शीर्षकात घेताना हात अडखळणारच. हाडामांसाच्या माणसाबद्दल लिहिताना तो अडखळायलाही हवा. तिथे 'मनोरुग्ण' किंवा 'मानसिक आजार असलेली व्यक्ती' हेच बरोबर. पण तुमचा विषय शेक्सपिअरचे लिअर आणि हॅम्लेट यांच्यासारखी पात्रं हा आहे, आणि त्यांना केसपेपरची भाषा लावून काही हाती लागत नाही.

आधी सरांचे दोन पर्याय पाहू. 'मनोविकार' आज वैद्यकीय वाटतो, पण जुन्या मराठीत 'विकार' म्हणजे काम, क्रोध, मत्सर असे मनाचे क्षोभ. आगरकरांनी १८८३ साली 'हॅम्लेट' मराठीत आणलं आणि त्याला नाव दिलं 'विकारविलसित'. म्हणजे विकारांचा खेळ. त्या नावात वेड कुठेच नाही. तुम्ही हाच शब्द आजाराच्या अर्थाने वापरलात आणि पुढच्याच पानावर आगरकरांचा उल्लेख केलात, की एकाच निबंधात एका शब्दाचे दोन अर्थ होतील.

'उन्माद' मात्र शास्त्रशुद्ध आहे. नाट्यशास्त्रकार भरताच्या तेहतीस व्यभिचारी भावांत (म्हणजे मनात येऊन-जाऊन असणाऱ्या भावांत) तो आहे, आयुर्वेदातल्या चरकाने त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत. कालिदासाच्या 'विक्रमोर्वशीया'च्या चौथ्या अंकातला राजा पुरूरवा हरवलेल्या उर्वशीला शोधत मोराला, हंसाला, हत्तीला विचारत फिरतो, काळ्या ढगाला राक्षस समजून त्याच्यावर ओरडतो आणि मग स्वतःच ओळखतो की हा तर पाण्याने भरलेला नवा ढग आहे. याला 'उन्माद' म्हणा, हरकत नाही. अडचण आजच्या मराठीची आहे. आता उन्माद असतो तो विजयाचा, सत्तेचा, नाहीतर जमावाचा. 'हॅम्लेट'मधल्या फुलं वाटत फिरणाऱ्या ऑफेलियाला 'उन्माद झाला' म्हटलं, की वाचकाला गुलाल आणि डीजे आठवतो.

आता 'वेड'. या शब्दाचा खरा ऐवज त्याच्यापुढे येणाऱ्या क्रियापदांत आहे. इंग्रजीत 'मॅड' म्हटलं की झालं, ते कुठून आलं हे वाक्याला सांगावं लागत नाही. मराठीत क्रियापद निवडल्याशिवाय वाक्यच पुरं होत नाही, आणि ते निवडलं की पात्राबद्दलचं तुमचं मत उघडं पडतं.

वेड 'लागतं', जशी भूक लागते, दृष्ट लागते, आग लागते. माणूस ते करत नाही, ते त्याच्यावर येतं. ग्रीक नाटककार सोफोक्लीसच्या अजॅक्सला अथेना देवी भ्रमात टाकते आणि तो ग्रीक सरदार समजून गुराढोरांची कत्तल करतो. हे लागलेलं वेड. ऑफेलियाचंही तेच. लिअर तर पहिल्याच अंकात देवाला विनवतो की मला वेड लागू देऊ नकोस. मराठीत हे वाक्य किती सहज बसतं पाहा. 'मला मनोविकार होऊ देऊ नकोस' असं कुठलाही राजा म्हणणार नाही.

सेर्व्हान्तेसच्या कादंबरीतल्या डॉन किहोटेचं प्रकरण निराळं. त्याच्या डोक्यात वेड 'भरतं', खरं तर खूळ भरतं. सरदारांच्या शौर्यकथा वाचून वाचून मेंदू सुकतो आणि न्हाव्याचं पितळी भांडं त्याला सोन्याचं शिरस्त्राण दिसायला लागतं. १६१५ साली आलेल्या दुसऱ्या भागाच्या शेवटी तो शुद्धीवर येतो, आपलं मूळ नाव सांगतो आणि मरतो. इथे आपल्याकडे 'उतरणं' आहे. ताप उतरतो, नशा उतरते, अंगातलं भूत उतरतं, आणि डोक्यातलं खूळही उतरतं. सेर्व्हान्तेसने तो शेवट किती क्रूर केला आहे, हे मला 'खूळ उतरलं आणि माणूस गेला' असं मनात म्हटल्यावर कळलं.

हॅम्लेटसाठी तर आपण आयतीच म्हण ठेवली आहे: वेड पांघरून पेडगावला जाणे. तो पहिल्या अंकातच आपल्या मित्राला, होरेशिओला, बजावतो की यापुढे मी चमत्कारिक वागलो तर ओळख दाखवू नका. तिथे इंग्रजीत त्याने वापरलेलं क्रियापदही कपडे अंगावर चढवण्याचंच आहे. एकाच नाटकात तो वेड पांघरतो आणि ऑफेलिया बिचारी वेडी होते. दोघांना एकच 'उन्मादग्रस्त' हे लेबल लावलंत तर नाटकातला हा सगळा ताण सपाट होईल. आणि पांघरता पांघरता हॅम्लेटलाही थोडं लागलं का, हा जुना वादही मराठीत या दोन क्रियापदांत मावतो.

एक शब्द तुमच्या यादीत नाही, तो घ्या: 'पिसे'. 'वेडापिसा'तला पिसा. मूळ 'पिशाच', प्राकृतातून घासत आलेला, म्हणजे झपाटलेला. तुकोबा पंढरीच्या वाटेवरच्या भुताबद्दल बजावतात, 'बहु खेचरीचें रान । जातां वेडें होय मन', आणि शेवटी कळतं की ते भूत म्हणजे विठ्ठल. झपाटणं तेच, पण हवंहवंसं. याहून जुनी साक्ष आपल्या विदर्भातली आहे. रिद्धपूरचे गोविंदप्रभू मुलांत खेळायचे, मनाला येईल तसं भटकायचे, वाटेल तिथे शिरायचे. महानुभाव पंथाच्या गद्यात गावकरी त्यांच्याबद्दल, म्हणजे 'राऊळां'बद्दल, म्हणतात, 'राऊळ वेडे, राऊळ पिसे'. लिहिणाऱ्यांसाठी हे राऊळ साक्षात परमेश्वर, आणि तरी लोकांचं बोलणं त्यांनी धुऊनपुसून घेतलं नाही. तेराव्या शतकातल्या भक्ताला देवाबद्दल 'वेडे' लिहिताना तो शब्द हलका वाटला नाही. सरांना हे वाक्य नक्की दाखवा. (२०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा 'अभिजात साहित्य' म्हणताना रिद्धपूर वगळून इंग्लंडला जाणं आता तसंही बरं दिसणार नाही.)

आणखी एक नाव जवळचंच. राम गणेश गडकऱ्यांच्या एका अपुऱ्या राहिलेल्या नाटकाचं नाव 'वेड्यांचा बाजार' आहे. ते गेले सावनेरला, २३ जानेवारी १९१९ रोजी. पागलखाना चौकातून छिंदवाड्याकडे निघालात की तोच रस्ता सावनेरला जातो. याचा निबंधाशी संबंध नाही, पण मला तिथून जाताना दर वेळी आठवतं.

शेवटी एक व्याकरणाची बाब. शीर्षकात 'वेडाचे' हेच ठेवा, 'वेडेपणाचे' करू नका. वेडेपणा म्हणजे मूर्खपणा, तोही बहुधा लाडातला. पावसात भिजून आलेल्या पोराला आई म्हणते तो. आणि 'वेड्यांचे' केलंत तर हॅम्लेटला बाहेर ठेवावं लागेल, निदान तिसऱ्या अंकापर्यंत तरी.