तरफ शिकवताय? आधी व्याख्या नको

पहिल्यांदाच तरफ शिकवणार असाल तर फळ्यावर टेकू, बल, भार लिहून सुरुवात करू नका. मुलांच्या हातात एकमेकांत जोडता येणारे ठोकळे आणि भोकांची पट्टी द्या आणि शब्द नंतर येऊ द्या.

तरफेसाठी पट्टी विषम भोकांची निवडा. १५ भोकांची असेल तर आठवं भोक बरोबर मधोमध येतं आणि दोन्ही बाजूंना सात-सात उरतात. सम भोकांच्या पट्टीला मधलं भोकच नसतं. मग ती रिकामी असतानाही एका बाजूला झुकते आणि मुलांना वाटतं, आपलंच चुकलं. टेकूसाठी घट्ट बसणारी पिन नको, सैल फिरणारा दांडा घ्या. घर्षणामुळे पट्टी भलत्या जागी अडकली, तर मुलं तोच समतोल समजून बसतात.

आता एका बाजूला टेकूपासून तिसऱ्या भोकात दोन सारखे ठोकळे लावा आणि विचारा, "दुसऱ्या बाजूला एकाच ठोकळ्याने हे तोलता येईल?" उत्तर अजिबात सांगू नका. सहावं भोक त्यांना सापडू द्या. मग तीन ठोकळे दुसऱ्या भोकात लावून बघतील. दोन-तीन जोड्या वहीत लिहिल्या की ठोकळे गुणिले टेकूपासूनचं भोक हा गुणाकार कोणीतरी ओळखतंच, आणि तो क्षण फार मोलाचा असतो.

टेकू मधून हलवायची घाई मात्र करू नका. तेव्हा पट्टीचं स्वतःचं वजनही हिशेबात येतं आणि आकडे जुळत नाहीत. अडकित्ता, चिमटा या वेगळ्या प्रकारच्या तरफा पुढच्या तासाला.