फुकट एडिशन पुरेल, पण त्या हप्त्यांचं काय?

वाचकाचा प्रश्न: नोकरी सांभाळून सी शार्प या प्रोग्रामिंग भाषेत दोन लहान ग्राहकांची कामं करतो. कोड लिहायला व्हिज्युअल स्टुडिओची मोफत कम्युनिटी एडिशन, मोफतचा राइडर की व्हीएस कोड, यांतलं कोणतं साधन वापरू? नुकताच 24 बिनव्याजी हप्त्यांवर एक कोर्स घेतलाय, त्यात अशा साधनाचं तीन वर्षांचं पेड लायसन्सही आहे. रोखीने 15 टक्के सूट होती. हप्ता पगाराच्या 18 टक्के आहे, पहिला पुढच्या महिन्यात. बाहेरच्या कामातून गेल्या वर्षी महिन्याला सरासरी पगाराच्या 6 टक्के सुटले, नवा ग्राहक अजून नाही, पण कामं वाढली की हप्ता त्यातूनच निघेल. कोर्स रद्द करायला 30 दिवस आहेत, 19 झालेत.

उत्तर: कम्युनिटी घ्या. एकट्या डेव्हलपरला त्यावर पैसे घेऊन काम करायची पूर्ण मुभा आहे. राइडर ऑक्टोबर 2024 पासून मोफत मिळतो, पण अव्यावसायिक वापरापुरताच. ग्राहकाला बिल लावणार असाल तर तो चालत नाही. व्हीएस कोड कामासाठीही मोफत, मात्र त्यात सी शार्प डेव्ह किट हे जोड-साधन टाकलंत की कम्युनिटीचेच नियम लागू होतात. 250 हून अधिक संगणक किंवा वर्षाला 10 लाख डॉलरहून जास्त उत्पन्न असलेल्या कंपनीचं कंत्राटी काम आलं, तर मात्र कम्युनिटी वापरता येत नाही. तसं काम आलंच तर लायसन्स महिन्याच्या हिशोबाने घ्या आणि तो खर्च दरात धरा. तुमचे दोन्ही ग्राहक लहान आहेत, म्हणजे पेड लायसन्सची आज गरज शून्य.

आता न विचारलेलं. रोखीने 85 ला मिळणारी वस्तू तुम्ही हप्त्यांनी 100 ला घेतलीत. वरचे 15 म्हणजे व्याजच, आणि दर महिन्याला मुद्दल फिटत जातं हे धरलं तर तो दर वर्षाला 16 टक्क्यांच्या आसपास जातो. याला बिनव्याजी म्हणून विकणं ही सरळ फसवणूक आहे, मला त्याचा राग येतो. एकूण रक्कम तुमच्या सव्वाचार पगारांएवढी होते, त्यातलं लायसन्स तुम्हाला नकोच आहे.

आणि हप्ते फेडणार कशातून? बाहेरच्या कामातून गेल्या वर्षी महिन्याला सरासरी पगाराच्या 6 टक्के सुटले, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे ते उत्पन्न लगेच तिप्पट व्हायला हवं, आणि दोन वर्षं टिकायलाही हवं. नवा ग्राहक एकही दिसत नसताना पहिला हप्ता मात्र पुढच्याच महिन्यात आहे. फरक पगारातून गेला, की अडीअडचणीसाठी ठेवलेल्या पैशाला हात लागणार.

11 दिवस उरलेत. आजच लेखी कळवा, फोनवर विसंबू नका. कर्ज देणारी कंपनी बहुधा वेगळी असते, करारात तिचं नाव बघा आणि तिलाही तोच मेल पाठवा. नाहीतर कोर्स रद्द होतो आणि हप्ते कापले जात राहतात. थोडी सूट देतो, थांबा, असा फोन येईल. तेव्हाही रद्दच करा.