"मॅडम, मला शिकवायलाच जमत नाही, नोकरी सोडू का?"

जूनमध्ये शाळा सुरू होतात आणि ऑगस्टच्या आसपास हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला कोणीतरी नवीन शिक्षक येतंच, दरवर्षी. बहुतेक वेळा मुलगी, पंचवीस-सव्वीसची, बाहेरगावाहून पुण्यात आलेली, पहिलीच नोकरी. त्यातल्याच एकीचं सांगते, ओळख पटू नये म्हणून काही गोष्टी बदलल्यात.

लातूरकडची मुलगी. बीएड, टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा, मग टेट ही भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी, मग शिक्षकभरतीच्या सरकारी पोर्टलवर शाळांचे प्राधान्यक्रम भरून वाट बघणं, हे सगळं करून शिक्षणसेवक म्हणून पेठेतल्या एका मराठी शाळेत लागली. घरात पेढे वाटले, गावात बॅनर लागायचाच बाकी होता म्हणाली. आणि आता दर रविवारी संध्याकाळी पाच वाजले की पोटात गोळा. धनकवडीला कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीत एका कॉटपुरतं भाडं देऊन राहायची, सकाळी स्टॉपवर उभी राहून समोर आलेली स्वारगेटची बस सोडून द्यायची, कधी कधी दोन. गर्दी होती म्हणून? नाही, म्हणाली, दुसरी तर अर्धी रिकामीच होती.

मी तिला "तुम्ही" म्हणत होते तर म्हणाली मॅडम मला तू म्हणा ना, इथं मला कोणीच तू म्हणत नाही. हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं होतं, कारण खरं दुखणं तिथेच होतं, पण मला ते नीट कळायला अजून दोन सेशन्स लागली.

आधी तिचा नववी ब. "काय करायलास रे तिथं?" असं ती पहिल्याच आठवड्यात एका मुलाला बोलली आणि मागच्या बाकावरून लांबवून आवाज आला, "करायलाऽऽस". वर्ग हसला. तेव्हापासून ती तोंड उघडायच्या आधी वाक्य मनात पुणेरी करून घ्यायची आणि मग अडखळायची आणि मग पोरं अजून हसायची. त्यात मुलं तिला "बाई" म्हणायची. तिच्याकडे शाळेत मॅडम म्हणायची पद्धत, बाई म्हणजे धुणीभांडी करायला येते ती, त्यामुळे दोन आठवडे तिला वाटत होतं की पोरं मुद्दाम अपमान करतायत. आपल्याकडच्या मराठी शाळांमध्ये बाई हाच मान आहे हे तिला स्टाफरूममध्ये कोणी सांगितलं नाही, कारण सांगायची गोष्ट आहे हे पुण्यातल्या माणसाच्या डोक्यातच येत नाही. (आम्ही पुणेकर असेच.)

शिवाय पैसे. शिक्षणसेवकाला तीन वर्षं मानधनच असतं, माध्यमिकला आता 18,000, 2023 च्या आधी तर 8,000 होतं. त्यात कॉट, डिपॉझिट, मेस, बसचा पास. पहिलं मानधन हातात यायला कागदपत्रांमुळे काही महिने गेले, तोपर्यंत भावाकडून घ्यायची आणि त्याची लाज वेगळी.

दुसऱ्या सेशनला मी तिला शाळेचं वेळापत्रक आणायला सांगितलं. म्हटलं ज्या तासाला जायच्या आधी छातीत धडधडतं त्याच्यावर लाल खूण कर, जो बरा जातो त्यावर हिरवी. ती म्हणाली सगळे लालच येतील. आठवड्याचे 30 तास होते. खुणा करता करता तिचा पेन हळू झाला. लाल आले पाच, पाचही नववी ब, त्यातले चार मधल्या सुट्टीनंतरचे, म्हणजे पोरं ग्राउंडवरून घामाघूम होऊन येतात ते. बाकी पंचवीसमधले अकरा तर हिरवे होते. ती बराच वेळ कागदाकडे बघत बसली आणि मग म्हणाली, "मग मला सगळंच जमत नाही असं का वाटतंय?"

तर त्याचं कारण मला फोनमध्ये सापडलं. रोज रात्री साडेआठला आईचा फोन, आणि ही रोज सांगायची, मस्त चाललंय. रूममेट एक आयटीवाली रात्रीच्या शिफ्टची, दुसरी एमपीएससीची, दिवसभर अभ्यासिकेत. स्टाफरूममध्ये डबा खाताना ही टाचण, म्हणजे पुढच्या पाठाची तयारी, लिहिण्याचं नाटक करत खाली मान घालून बसायची. म्हणजे नववी बचा एक वाईट तास दुपारी व्हायचा आणि तो सांगायला अख्ख्या शहरात एक माणूस नाही, मग तो रात्रभर डोक्यात फिरत मोठा होत जायचा आणि सकाळी स्टॉपवर पोचेपर्यंत "मी चुकीच्या लाईनमध्ये आले" एवढा झालेला असायचा. माझं मत असं झालंय की नवीन शिक्षकांचा प्रश्न बऱ्याचदा वर्गातून निघतो पण वाढतो रूमवर.

एकदा तिने मामाला थोडंसं सांगून बघितलं होतं. मामा म्हणाले, सावित्रीबाईंनी त्याच पुण्यात शेणाचे गोळे झेलले आणि तू पोरं हसली म्हणून रडतेस. मला हे ऐकून राग आला. 1848 ला भिडेवाड्यात शाळा सुरू झाली तेव्हा सावित्रीबाईंना घरी आल्यावर ऐकून घ्यायला जोतिबा होते की! ते कोण धरणार हिशोबात?

आता माझी चूकही सांगते. मी सुचवलं की बोलीवरच एक तास घे, प्रत्येकाने आजीचा एक शब्द आणायचा. सपशेल फसलं. पोरांनी आजीच्या नावावर शिव्या आणल्या आणि शेजारच्या वर्गातले सर दार वाजवून गेले. मी वर्गात शिकवत नाही, ती शिकवते, हे मी त्या दिवशी पुन्हा शिकले.

उपयोग झाला तो अगदी साध्या गोष्टीचा. म्हटलं ऑफ तासाला एका जुन्या बाईंना विचारून त्यांच्या वर्गात मागे बस. त्या बाई रिटायरमेंटला आलेल्या, आवाज बारीक, पण नववी ब गप्प. हिने बघितलं की त्या वर्गाकडे पाठ करतच नाहीत. जे लिहायचं ते मधली सुट्टी संपायच्या आधीच लिहून ठेवतात आणि पोरं आत येताना दारात उभ्या राहतात, एकेकाला नावाने हाक मारत. हिने तेच सुरू केलं. लगेच काही चमत्कार नाही झाला, पहिली दहा मिनिटं शांत जायला लागली एवढंच. पण त्या बाईंबरोबर डबा सुरू झाला, आणि वाईट तास दुपारीच सांगून व्हायला लागला.

आईला खरं सांगायला मात्र ती तयार नव्हती, तिला टेन्शन येईल म्हणायची. शेवटी गौरी-गणपतीत घरी गेली तेव्हा सांगितलं. आई म्हणाली, "मला कळलंच होतं की, तू मस्त म्हणायलीस तवाच. आपल्या घरात कोण म्हणतंय मस्त?"

नोकरी सोडू का याचं उत्तर मी कोणालाच देत नाही, पण पहिल्या सहामाहीत ठरवू नका एवढं नक्की सांगते. मात्र झोप आणि जेवण आठवडेच्या आठवडे उडालं असेल, किंवा जगूच नये असं मनात येत असेल, तर मग वाट बघू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. शेजारी कोणी नसेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, 14416, रात्रीबेरात्री लागते आणि मराठीत बोलता येतं.

ती दिवाळीनंतर दोनदा आली. नववी ब अजून दंगा करतेच. डिसेंबरमध्ये शनिवारची वेळ ठरली होती, तर शुक्रवारी रात्री मेसेज आला, मॅडम उद्या जमणार नाही, गॅदरिंगची प्रॅक्टिस आहे, नववी बचा डान्स माझ्याकडे दिलाय, पोरं ऐकत नाहीयेत.