थोड्या नंबरचा चष्मा फक्त कॉम्प्युटरपुरता लावला तर चालतो का?

तुमचं म्हणणं मला असं समजलं: वय २९, होटगी रोडवर टॉवेल एक्स्पोर्टच्या ऑफिसात अकाउंट्सचं काम, दिवसाचे आठ-नऊ तास स्क्रीनसमोर. संध्याकाळी कपाळ जड होतं, डोळे चुरचुरतात. तपासलं तर उजव्याला +०.५० आणि डाव्याला +०.२५ सोबत −०.५० सिलिंडर (डोळ्याची गोलाई सगळ्या दिशांना सारखी नसली की लागणारा नंबर), अ‍ॅक्सिस (त्या नंबरची दिशा) ९०. डॉक्टर म्हणाले, कॉम्प्युटरला बसताना लावा. दुकानदार म्हणतो, दिवसभर लावा आणि ब्लू कट, म्हणजे निळा प्रकाश अडवणारी काच, घ्या. आई म्हणते, "एकदा लागला की सुटतंय व्हय चष्मा?" आणि तुम्हाला भीती ही, की लाव-काढ केल्यानं नंबर वाढेल.

मी डॉक्टर नाही. सोलापुरात डोळ्यांच्या डॉक्टरांच्या हाताखाली नंबर काढण्याचं काम वर्षानुवर्षं करतोय, त्यामुळे हा प्रश्न जवळजवळ रोज ऐकतो.

आधी भीतीचं बघू. लाव-काढ केल्यानं मोठ्या माणसाचा नंबर वाढत नाही, आणि लावल्यानंही वाढत नाही. नंबर ठरतो तो बुबुळाच्या गोलाईवर, डोळ्याच्या आतल्या भिंगावर आणि डोळ्याच्या लांबीवर. नाकावर, डोळ्यापासून सव्वा सेंटिमीटर पुढे ठेवलेली काच यातलं काहीच बदलू शकत नाही. मग "सवय लागली" असं सगळ्यांना का वाटतं? तुम्ही लिहिलंय ना, की चष्मा काढल्यावर स्क्रीन आधीपेक्षा धूसर दिसते. आधीही ती तेवढीच धूसर होती. स्वच्छ कसं दिसतं ते माहीत नव्हतं, म्हणून चालत होतं. शिवाय प्लस नंबरवाल्याचा डोळा चष्म्याशिवाय सतत थोडा जोर लावून बघत असतो. काच लावली की तो जोर सैल पडतो, आणि काढल्यावर पुन्हा लागायला थोडा वेळ जातो. तेवढ्यात माणूस घाबरतो आणि म्हणतो, नजर गेली.

आता खरा मुद्दा. कॉम्प्युटरला चष्मा लावायचा की नाही हे नंबर किती आहे यापेक्षा तो कोणत्या जातीचा आहे यावर जास्त ठरतं, आणि हे दुकानात कोणी समजावत बसत नाही.

हिशोब सोपा आहे. १ भागिले अंतर मीटरमध्ये, की डायॉप्टर, म्हणजे नंबर मोजायचं माप, निघाले. स्क्रीन ६० सेंटिमीटरवर असेल तर निरोगी डोळ्याला तिथे फोकस करायला साधारण १.६७ डायॉप्टरचा जोर लावावा लागतो. मोबाईल ३० सेंटिमीटरवर धरला तर ३.३३, म्हणजे दुप्पट. तुमचा उजवा डोळा +०.५० आहे, म्हणजे त्याला या प्रत्येक आकड्यात अर्धा वाढीव द्यावा लागतो. तिशीच्या आत डोळ्याकडे सात-आठ डायॉप्टरची ताकद असते आणि तिच्यातली निम्मी वापरात असेल तोवर सहसा त्रास होत नाही. म्हणजे नुसत्या +०.५० साठी तुमच्या वयात कपाळ जड होईलच असं नाही. हाच नंबर पंचेचाळिशीत असता, जेव्हा ताकद तीन-चारवर आलेली असते, तर मी डोळे झाकून चष्मा लावा म्हटलं असतं.

मायनसचं, म्हणजे ज्याला लांबचं धूसर दिसतं त्याचं, गणित बरोब्बर उलटं, आणि तिथे लोक गंमतच करतात. −०.५० वाल्याला दोन मीटरपर्यंत चष्म्याशिवाय स्वच्छ दिसतं, −०.७५ वाल्याला सव्वा मीटरपर्यंत. स्क्रीन त्याच्या कितीतरी अलीकडे असते. तरी अशी मुलं "कॉम्प्युटरचा चष्मा" म्हणून ऑफिसात दिवसभर लावतात आणि रात्री गाडी चालवताना काढून खिशात ठेवतात. त्यानं डोळे बिघडत नाहीत, पण जिथे गरज नाही तिथे लावायचा आणि सात रस्त्याच्या गर्दीत समोरून दिव्यांचा झोत येतो तिथे काढायचा, याला काय म्हणावं! तुमच्या ऑफिसात कोणी मायनसवाला "मी कॉम्प्युटरला लावतो, तूही लाव" किंवा "मी लावत नाही, तूही लावू नको" म्हणत असेल तर त्याचं ऐकू नका. त्याचा सल्ला त्याच्या नंबरपुरता.

तिसरी जात सिलिंडरची, आणि तुमच्या डाव्या डोळ्यात माझा संशय तिच्यावर आहे. सिलिंडर असलेल्या डोळ्याला जवळचंही आणि लांबचंही किंचित पसरलेलं दिसतं आणि कितीही जोर लावला तरी ते पूर्ण जुळत नाही. टॅलीत किंवा एक्सेलमध्ये ३ आणि ८, ६ आणि ० यांत गफलत होते का? आकड्यांच्या कडेला सावली दिसते का? तसं असेल तर अर्ध्या नंबरच्या सिलिंडरचाही दिवसभर आकडे वाचणाऱ्याला फरक पडतो. गोष्टीची पुस्तकं वाचणाऱ्याला कदाचित कळणारही नाही.

मात्र सिलिंडरचा चष्मा पहिले काही दिवस सलग चार-पाच तास तरी ठेवा. सुरुवातीला फरशी तिरकी वाटते, टेबलाची कड वाकडी दिसते. मेंदू जुळवून घेतो, मग लाव-काढ केलेली जाणवतही नाही. दहा मिनिटं लावून "मला चक्कर येते" म्हणत परत येणारे बरेच असतात. आणि फ्रेम सरळ बसलेली हवी. काच १० अंश फिरली तर सिलिंडरचा साधारण तिसरा हिस्सा फायदा जातो, ३० अंश फिरली तर असून नसून सारखा. एका हातानं ओढून चष्मा काढायची सवय असेल तर फ्रेम महिन्याभरात वाकडी होते. कॉम्प्युटरपुरता लावणारे दिवसातून अनेकदा लाव-काढ करतात, म्हणून हे त्यांनाच जास्त सांगावं लागतं. दोन्ही हातांनी काढा.

आता चुरचुरीबद्दल. कपाळ जड होणं आणि डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिलीत नंबरचा हात असू शकतो. दुसरी बहुतेक वेळा कोरडेपणाची असते आणि तिला कुठलीही काच उपाय नाही. स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या नेहमीच्या निम्म्यानेही मिटत नाही, आणि मिटतो त्या अर्धवट. त्यात आपली सोलापूरची हवा. मार्च ते मे पारा चाळिशीच्या आसपास, हवेत ओल नाही, डोक्यावर गरगरता पंखा नाहीतर समोर एसीचा झोत. अश्रूंचा पातळ थर किती टिकणार? पावसाळ्यात तक्रार कमी होते आणि उन्हाळ्यात वाढते असं तुमच्या लक्षात आलं असेल, तर ते नंबरचं लक्षण नव्हे. नंबर ऋतू बघून बदलत नाही.

यासाठी खर्च काहीच नाही. पंख्याची किंवा एसीची हवा तोंडावर येणार नाही अशी खुर्ची फिरवा. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली आणा. नजर खाली असली की पापणी डोळा जास्त झाकते आणि कोरडेपणा कमी होतो. दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद बघा असा नियम सांगतात. वीस फूट म्हणजे सहा मीटर, तिथे डोळ्याला जवळजवळ जोर लावावा लागत नाही, म्हणून तो आकडा. सेकंद मोजत बसू नका, व्हाउचरचा गठ्ठा संपला की खिडकीबाहेर बघा आणि चार-पाचदा डोळे पूर्ण मिटा. एवढ्यानं भागलं नाही तर डॉक्टरांना विचारून अश्रूंसारखे थेंब घ्या. मेडिकलमध्ये जाऊन "लाल डोळ्याचे थेंब द्या" म्हणू नका. त्यातल्या काहींत स्टेरॉइड असतं. पहिल्या दिवशी बरं वाटतं, पण महिनोन्महिने टाकत राहिलं तर डोळ्यातला दाब वाढतो, काचबिंदू होऊ शकतो. गुलाबजल आणि मधही नको.

ब्लू कटचं विचारलंय. माझं मत: त्यासाठी जादा पैसे देऊ नका. २०२३ साली कॉक्रेन या संस्थेनं १७ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला, त्यात अशा काचांनी स्क्रीनमुळे येणारा डोळ्यांचा थकवा कमी होत असल्याचं दिसलं नाही. स्क्रीनपेक्षा कितीतरी जास्त निळा प्रकाश तुम्ही सकाळी ऑफिसला येताना उन्हातून घेता. अँटीग्लेअर मात्र जरूर घ्या. साध्या काचेच्या दोन्ही पृष्ठांवरून मिळून सुमारे ८ टक्के प्रकाश परत फिरतो आणि मागची ट्यूबलाइट काचेत दिसत राहते, ते या थरानं जातं. तो थर सांभाळायचा मात्र. आपल्याकडे हाताशी टॉवेल असतोच, पण टेरी टॉवेलनं किंवा पदरानं कोरडी काच पुसली की धुळीचे ओरखडे पडलेच. पाणी, भांड्याच्या साबणाचा थेंब, मग मऊ कापड. आणि मे महिन्यात चष्मा गाडीच्या डिकीत ठेवू नका, उष्णतेनं थराला बारीक भेगा जातात.

चष्म्यानं खरंच फरक पडतो का, हे तुम्हीच तपासू शकता. एक आठवडा कामावर सतत लावा, पुढचा आठवडा अजिबात लावू नका, आणि रोज संध्याकाळी कपाळ जड होतं का, चुरचुर होते का, एवढंच वेगवेगळं लिहून ठेवा. दोन्ही आठवडे सारख्या कामाचे निवडा. जीएसटीची २० तारीख एका आठवड्यात आणि दुसरा मोकळा, असं केलंत तर निकाल चष्म्याचा न लागता रिटर्नचा लागेल. फरक पडला तर लावत राहा. नाही पडला तर एवढ्या नंबरसाठी जबरदस्ती करण्याचं कारण मला दिसत नाही, खुर्ची आणि पंख्याकडे आधी बघा.

दिवसभर लावायचा का? गरज नाही, मनाईही नाही. घरी मोबाईल बघताना लावलात तर उलट बरं, कारण जोर तिथे जास्त लागतो. गाडीवर लावायचा का ते लांबची पाटी वाचून ठरवा. चष्म्यातून स्पष्ट दिसली तर लावा, पुसट झाली तर काढा. दुसऱ्या ठिकाणी तपासून नंबर पाव इकडेतिकडे निघाला तर दोघांपैकी एक खोटा आहे असं समजू नका, एकाच डोळ्याच्या दोन तपासण्यांत एवढा फरक येतोच. फक्त मशीननं काढलेल्या चिठ्ठीवर चष्मा करू नका. मशीन अंदाज देतं, पुढे काचा बदलून "ही बरी की ती" विचारणारा माणूस हवा. नंबर पक्का करताना ट्रायल फ्रेम (काचा बदलता येतात ती तपासणीची फ्रेम) घालून दहा मिनिटं तिथल्याच कॉम्प्युटरकडे बघायला मागा, कोणी नाही म्हणत नाही.

हे सगळं मोठ्यांसाठी. घरात शाळकरी मूल असेल तर त्याला हा हिशोब लावू नका. मुलांचा मायनस वाढत असतो, आणि लहान वयात प्लस किंवा सिलिंडर न लावल्यानं एक डोळा कायमचा आळशी राहू शकतो. त्यांनी सांगितलाय तसाच, सांगितलाय तेवढा वेळ लावायचा. चाळिशी ओलांडलेल्यांचा मामलाही वेगळा. आमच्याकडे एक जॅकार्ड डिझाइन करणारे गृहस्थ यायचे, पुस्तक वाचायचा +२.०० चा रेडीमेड चष्मा लावून दिवसभर मॉनिटरकडे मान पुढे काढून बसायचे, कारण त्या काचेतून अर्ध्या मीटरपलीकडचं धूसर होतं. मॉनिटर सत्तर सेंटिमीटरवर. लांबचा नंबर नव्हता, त्यामुळे सव्वाच्या आत नंबर दिला आणि मानेचा त्रास गेला. अंतर टेपनं मोजून नेलं की नंबर काढणाऱ्याचं काम निम्मं होतं. साखर वरखाली होत असेल तर ती स्थिर होईपर्यंत चष्मा करूच नये, नंबर तिच्याबरोबर हलतो.

अचानक वीज चमकल्यासारखं दिसणं, काळे ठिपके एकदम वाढणं, पडदा सरकल्यासारखं वाटणं, एकाची दोन दिसणं, लाल डोळ्यासोबत जोराची दुखणी, यांतलं काही झालं तर चष्म्याचा विचार सोडून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. खासगीत जायचं नसेल तर सिव्हिलचा नेत्र विभाग आहे.

तुमच्या कागदावर "अ‍ॅड" म्हणून जवळचा वेगळा नंबर लिहिलाय का, आणि डोळ्यांत थेंब टाकून तपासणी झाली होती का, तेवढं सांगा. थेंब न टाकता काढला असेल तर तरुण डोळा जोर लावून प्लस लपवतो, खरा नंबर +०.५० पेक्षा जास्त असण्याची शक्यता राहते, आणि मग वर उजव्या डोळ्याबद्दल जे म्हटलं ते मला बदलावं लागेल.