दिवाळीचे पान: जुनी भांडी, बांधावरची फुले आणि जेवणाची मांडणी

पाडवा आणि भाऊबीज यांच्या जेवणाची मांडणी बाजारातल्या तयार सजावटीऐवजी घरातल्या किंवा जुन्या बाजारातल्या वस्तूंनी आणि झाडापानांनी कशी करावी, अशी विचारणा करणारी पत्रे या महिन्यात आली. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न: आमचे जेवणाचे टेबल पाच फूट लांब आणि तीन फूट रुंद आहे. भाऊबीजेला सहा माणसे जेवायला बसतात. गेल्या वर्षी फुलदाण्या, पणत्या आणि प्लॅस्टिकच्या फुलांच्या माळा मांडल्यावर आमटीचे पातेले ठेवायलाही जागा उरली नाही आणि वाढायच्या वेळी सगळे उचलावे लागले. घरात आजीची पितळी भांडी आणि तिच्या जुन्या सुती साड्या आहेत. त्यांचा उपयोग कसा करावा? (एक वाचक, पुणे)

उत्तर: वाढायच्या वेळी जी सजावट उचलावी लागते ती मुळात मांडूच नये, असे माझे ठाम मत आहे. म्हणून वस्तू निवडण्याआधी मापे घ्यावीत. तुमच्या टेबलाची रुंदी सुमारे 90 सेंटिमीटर आहे. समोरासमोर दोन पाने मांडली, तर प्रत्येक पान आपल्या बाजूने साधारण 30 सेंटिमीटर जागा घेते. मध्ये 30 सेंटिमीटरचा पट्टा उरतो आणि तेवढीच तुमची सजावटीची जागा असते. लांबीकडे प्रत्येकाच्या वाट्याला 50 सेंटिमीटर येतात, त्यात 45 सेंटिमीटरचे पान कसेबसे बसते, त्यामुळे दोन पानांच्या मध्ये काहीही ठेवू नये.

आमटीच्या पातेल्यासाठी मात्र या पट्ट्यात जागा शोधण्याची गरज नाही. आपल्याकडे जेवण वाढण्याची पद्धत आहे. वाढणारी व्यक्ती भांडे हातात घेऊन प्रत्येकाजवळ येते, त्यामुळे पातेली बाजूच्या एका स्टुलावर किंवा ओट्यावर राहू शकतात. घरातल्या एकाच बाईने सर्वांना वाढत राहावे असा मात्र याचा अर्थ नाही. भाऊबीजेला भावांनी वाढले तर ते अधिकच चांगले. या पद्धतीमुळे सजावटीवर एक बंधन येते, ते म्हणजे उंचीचे. वाढणाऱ्याचा हात आणि ओगराळे सजावटीच्या वरून जाते, आणि समोर बसलेल्या माणसाचा चेहराही दिसायला हवा. त्यामुळे मधल्या पट्ट्यातील कोणतीही वस्तू एका वितीपेक्षा उंच नसावी.

आता आजीच्या भांड्यांकडे वळू. घंगाळ आणि परात दिसायला भारदस्त असली, तरी या टेबलासाठी ती फार मोठी आहेत. घंगाळात पाणी भरून त्यात शेवंतीची फुले सोडावीत आणि ते दाराशी ठेवावे. टेबलाच्या मध्यावर मात्र पाच-सहा पितळी फुलपात्रे एका ओळीत, थोडी मागेपुढे ठेवावीत. प्रत्येकात आखूड देठाची एकाच रंगाची शेवंती घालावी: एकात पांढरी, एकात पिवळी, एकात जांभळट. पितळेत पाणी राहिले की आत डाग पडतात, म्हणून फुलपात्रात बसेल अशी काचेची छोटी बाटली ठेवून पाणी तिच्यात घालावे. फुलपात्रांच्या मधल्या जागेत पानांसकट आवळे आणि एखाददुसरे घट्ट सीताफळ ठेवावे. पिकलेले सीताफळ ठेवू नये, कारण संध्याकाळपर्यंत त्यावर मुंग्या आणि चिलटे येतात.

जी साडी अजून नेसता येते ती कापू नये. साडी विरली असेल, तर तिचे दोन्ही काठ उतरवून घ्यावेत, ते लांबीला जोडून शिवावेत आणि टेबलाच्या मध्यावर अंथरावेत. इरकलीचा लाल काठ पितळेखाली फार शोभून दिसतो. जरीची रेशमी साडी अंथरू नये. आमटीतली हळद आणि तेल रेशमावर पडले, तर तो डाग सहसा निघत नाही.

राहता राहिली पाने. केळीचे पान आचेवरून हलकेच फिरवले की त्याचा रंग गडद होतो आणि ते लवचीक बनते, मग मांडताना फाटत नाही. पानाचे टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला येऊ द्यावे. पानाभोवती रांगोळी काढायचा मोह टेबलावर आवरावा. बाजारात मिळणारी रांगोळी ही दगडाची पूड असते, ती अन्नात जाता कामा नये. रेघ हवीच असेल तर ती तांदळाच्या पिठीने काढावी. औक्षणाचा पाट जमिनीवर वेगळा मांडावा आणि त्याभोवती मनासारखी रांगोळी काढावी.

प्रश्न: जुन्या बाजारातून मी दोन तांबे, एक पितळी डबा आणि काही वाट्या घेतल्या. डब्यावर कुणाच्या तरी लग्नाची तारीख आणि नाव कोरलेले आहे. सासूबाई म्हणतात की दुसऱ्याच्या नावाची वस्तू सणाच्या दिवशी पंगतीत ठेवू नये. नाव घासून काढावे का? शिवाय ही भांडी जेवणासाठी वापरता येतील का? (एक वाचक, पिंपरी-चिंचवड)

उत्तर: नाव घासू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. भांड्यावर नाव घालण्यामागे दोन व्यावहारिक कारणे होती. लग्नात आलेली वस्तू कुणी दिली हे लक्षात राहावे, हे एक. दुसरे म्हणजे कार्याच्या वेळी आळीतल्या घरांतून भांडी मागून आणली जात आणि कार्य उरकल्यावर ती ज्याच्या त्याच्या घरी बिनचूक परत जावीत म्हणून नाव उपयोगी पडे. म्हणजे नाव असलेला डबा दुसऱ्याच्या पंगतीत असणे ही जुनीच रीत आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घरोघरी स्टेनलेस स्टील आले, तशी पितळेची आणि तांब्याची भांडी वजनावर मोडीत निघाली आणि त्यांतली असंख्य वितळवली गेली. तुमचा डबा त्यातून वाचला आहे. सासूबाईंना हे अवश्य सांगावे, आणि तरीही त्यांच्या मनाला पटले नाही, तर सणाच्या दिवशी वाद न करता तो डबा बैठकीत, फराळाच्या ताटांजवळ ठेवावा.

पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातून किंवा मुंबईच्या चोर बाजारातून भांडी घेणाऱ्या इतर वाचकांसाठीही थोडे सांगते. खिशात एक लोहचुंबक ठेवावे. शुद्ध पितळ आणि तांबे चुंबकाला चिकटत नाहीत. वस्तू चिकटली, तर आत लोखंड असून वर नुसता मुलामा आहे असे समजावे. मग भांडे उलटे करून बुड आणि सांधे पाहावेत. जिथे करड्या रंगाचा खडबडीत ठिपका किंवा पट्टी दिसते, तिथे भांड्याला डाक, म्हणजे सांधा जोडणारा वितळवलेला धातू, लावलेली असते. जुन्या डाकेत कथलाबरोबर शिसे असण्याची शक्यता असते, म्हणून असे भांडे फुलांसाठी ठेवावे आणि अन्नाला लावू नये.

जेवणासाठी वापरण्याचा प्रश्न कल्हईवर, म्हणजे भांड्याला आतून दिलेल्या कथलाच्या थरावर ठरतो. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, हे आपल्याकडच्या जुन्या स्त्रियांना वेगळे सांगावे लागत नसे. चिंच, कोकम, ताक, लिंबू यांतील आम्ल तांब्याशी आणि जस्ताशी संयोग पावते आणि त्यातून होणारे क्षार पोटाला बाधतात. भांड्याच्या सांध्यात दिसणारा हिरवट थरही घातकच असतो. म्हणून आमटी, कढी, कोशिंबीर आणि सरबत कल्हई नसलेल्या भांड्यात घालू नये. कोरडे शंकरपाळे किंवा चिवडा वाढण्यापुरता ठेवायला हरकत नाही. तांब्याच्या तांब्यात साधे पाणी चालते, लिंबाचे सरबत चालत नाही.

कल्हई करून घेणे उत्तम. कारागीर भांडे भट्टीवर तापवतो, आत नवसागराची पूड टाकतो, पांढरा धूर उठतो, मग कथलाची कांडी तापलेल्या पृष्ठभागावर टेकवून कापसाच्या बोळ्याने ते वितळलेले कथील सर्वत्र फिरवतो, आणि पाहता पाहता भांड्याचे पोट चांदीसारखे उजळते. पुण्यात कसबा पेठेतील तांबट आळीत चौकशी केल्यास कारागीर भेटतील. दिवाळीच्या तोंडावर त्यांच्याकडे गर्दी असते, म्हणून नवरात्रातच भांडी द्यावीत. बाहेरची बाजू घरीच चिंचेच्या कोळाने आणि चिमूटभर मिठाने घासावी, लगेच भरपूर पाण्याने धुवावी आणि कोरड्या फडक्याने पुसावी. कोळ लावून भांडे तसेच ठेवले तर त्यावर डाग उठतात. कोरलेल्या अक्षरांत साचलेला काळेपणा मात्र तसाच राहू द्यावा, त्यामुळेच नाव वाचता येते.

प्रश्न: आमच्या शेताच्या बांधावर दिवाळीत पुष्कळ रानफुले आणि गवत असते. त्यांतले टेबलावर काय ठेवता येईल? (एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर: सर्वांत आधी कुर्डू. खरिपाच्या पिकात तण म्हणून वाढणाऱ्या या झाडाचे गुलाबी-पांढरे तुरे तांब्यात फार देखणे दिसतात, पाण्याशिवायही टिकतात आणि वाळल्यावर त्यांचा आकार तसाच राहतो. आपण त्याच्या कोवळ्या पानांची भाजी खातो, तेव्हा ताटाजवळ तो असला तरी भीती नाही. भाताच्या लोंब्या, ज्वारी-बाजरीची कणसे, आवळ्याची डहाळी, गवती चहाची पाती आणि उसाची कांडी ही सारी त्याच्याबरोबर चालतात. उसाची कांडी वीतभर तोडून आडवी ठेवावी. फुले सकाळी लवकर तोडावीत, उलटी धरून झटकावीत म्हणजे मुंग्या आणि किडे पडतात, आणि पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावीत, नाहीतर पाण्याला वास येतो.

आता जे आणू नये त्याविषयी अधिक सविस्तर लिहिते, कारण यात चूक झाली तर ती महागात पडते. गाजर गवताची बारीक पांढरी फुले गुच्छात भर घालायला सोयीची वाटतात, परंतु त्यांनी कित्येकांच्या त्वचेवर चट्टे उठतात आणि श्वासाचा त्रास होतो. कण्हेर आणि पिवळी बिट्टी यांचे सर्व भाग विषारी आहेत. देवाला वाहायला ती चालतात, जेवणाच्या पानाजवळ चालत नाहीत. रुईचा चीक डोळ्यांना अपाय करतो. सर्वांत जास्त जपावे ते गुंजांना. लाल रंगावर काळा ठिपका असलेल्या या बिया वाटीत भरून ठेवल्या की मन मोहून जाते, आणि नेमकी लहान मुलेच त्या उचलून तोंडात घालतात. अख्खी बी टणक सालीमुळे कधीकधी तशीच बाहेर पडते, पण चावली गेली तर तिच्यातील विष प्राणावर बेतू शकते. भाऊबीजेला घरात भाचरे असतात, म्हणून गुंजा त्या दिवशी घरातच आणू नयेत.

तुमच्या जिल्ह्यात कास पठार आहे, म्हणून एवढे सांगते की पठारांवरच्या आणि सड्यांवरच्या फुलांना हात लावू नये. पातळ मातीत वाढणाऱ्या त्या झाडांचे फूल तोडले की पुढच्या वर्षीचे बीच आपण घेऊन आलेलो असतो. बांधावरचे तण हवे तेवढे आणावे.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. येथे थ्रिफ्ट स्टोअरमध्ये, म्हणजे वापरलेल्या वस्तूंच्या दुकानात, पितळेच्या वस्तू आणि जुने काचसामान स्वस्तात मिळते. दिवाळीच्या जेवणासाठी त्यांचा आणि इथल्या झाडांचा उपयोग करता येईल का? (एक वाचक, अमेरिका)

उत्तर: अवश्य करावा. तिथे मिळणारे बरेचसे पितळ भारतातून, विशेषतः मुरादाबादहून गेलेले असते. त्यावर बहुधा लॅकरचा, म्हणजे वार्निशासारखा पारदर्शक थर असतो, त्यामुळे चिंचेने ते उजळत नाही आणि अन्नासाठीही ते वापरू नये. फुलांसाठी ते चांगले. रंगीत चित्रे असलेल्या जुन्या काचेच्या पेल्यांच्या रंगात शिसे असू शकते, म्हणून त्यांतून कुणाला काही प्यायला देऊ नये.

शेवंतीची उणीव तुम्हाला भासणार नाही, कारण त्या दिवसांत तिथे दुकानोदुकानी मम्स म्हणून कुंड्यांत मिळते ती शेवंतीच. मात्र ती फवारलेली असते, तेव्हा तिच्या पाकळ्या पानात पडू देऊ नयेत. मेपलची लाल पाने त्याच दिवशी वेचावीत, दुसऱ्या दिवशी ती आकसतात. पाइनची बोंडे वापरण्याआधी ओव्हनमध्ये 200 अंश फॅरनहाइटवर अर्धा तास ठेवावीत, म्हणजे आतले किडे मरतात. त्या वेळी ओव्हनजवळून हलू नये. तीन-तीन पानांचे लाल झुपके दिसले तर ते पॉयझन आयव्हीचे असू शकतात. त्याचे तेल वाळलेल्या पानावरही राहते आणि त्वचेवर फोड आणते, म्हणून असे झुपके आणू नयेत. कुंपणाच्या यू या झुडपाची लाल फळेही आणू नयेत, त्यांतील बी विषारी असते. केळीची पाने भारतीय दुकानात गोठवलेली मिळतात. ती पूर्ण सैल होऊ द्यावीत, पुसावीत आणि मग आचेवरून फिरवावीत.

प्रश्न: टेबलावर पेटत्या पणत्या ठेवाव्यात का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: टेबलाच्या मध्यावर ठेवू नयेत. वाढणाऱ्याचा पदर किंवा ओढणी नेमकी तिथून जाते, आणि वाळलेले गवत व कापड पेट घ्यायला वेळ लागत नाही. निरांजने किंवा पणत्या पाणी घातलेल्या परातीत, पाण्यावर येईल एवढ्या उंच पालथ्या वाटीवर ठेवाव्यात आणि ती परात भिंतीकडच्या स्टुलावर, पडद्यापासून दूर ठेवावी. पंखा बंद ठेवावा लागतो, म्हणून पणत्या पाने वाढून झाल्यावरच लावाव्यात. समई असेल तर तिला टेबलाजवळ न आणता तिच्या नेहमीच्या जागीच राहू द्यावे.