चार वर्षांच्या मुलीला शेतावरचं जग दाखवणारी जुनी चित्रपुस्तकं कोणती?

मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहते, माझ्या मुलीनेही गोठा पहिल्यांदा पुस्तकातच पाहिला. सुरुवात पॅट हचिन्स यांच्या ‘रोझीज वॉक’ने करा (१९६८). कोंबडी शेतावर फेरफटका मारते, मागे कोल्हा लागलेला. अख्ख्या पुस्तकात शब्द फक्त ३२, आणि त्यात कोल्ह्याचं नावसुद्धा नाही! तो फक्त चित्रांत दिसतो. त्यामुळे वाचता न येणारं मूलच आपल्याला गोष्ट सांगतं, “आई, मागे बघ ना!” इंग्रजी वाचूच नका, चित्रं दाखवत मराठीत सांगा. तळं, गवताची गंजी, मधमाश्यांच्या पेट्या, सगळं ओघात येतं.

‘शार्लट्स वेब’ (१९५२) ही ई. बी. व्हाइट यांची डुकराच्या पिल्लाची आणि कोळिणीची कादंबरी मात्र मुलगी सहा-सात वर्षांची झाल्यावर, रोज एक प्रकरण. गार्थ विल्यम्स यांची रेखाटनं फार जिवंत आहेत. शेवटाकडे कोळीण मरते, तेव्हा मुलीला जवळ घेऊन बसा.

ही शेतं परदेशी आहेत, भात त्यांत नाही. म्हणून जुलैत तिला ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरात न्या. पाड्यांजवळच्या खाचरांत लावणी चालू असते. बांधावरूनच बघा, रोपं तुडवू नका. घरी आल्यावर तिच्याकडून तेच चित्र काढून घ्या.